इमारतींचे रंगीत फोटो ब्लॅक अँड व्हाइट कसे करायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेच तेच प्रश्न परत परत येतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून ठेवतेय. सोपे प्रश्न आधी घेतलेत, किचकट नंतर. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात येऊन गेली असेल तर तिथला नंबर दिलाय, तिकडे बघा.

१. सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) शून्यावर आणलं की फोटो ब्लॅक अँड व्हाइट होतोच की, मग एवढा खटाटोप कशाला?

होतो ना, पण कसा होतो ते बघा. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये सॅच्युरेशन काढताना त्या पिक्सेलमधला सगळ्यात मोठा आकडा आणि सगळ्यात छोटा आकडा यांची सरासरी घेतात, बस. म्हणजे भडक लाल, भडक हिरवा, भडक निळा आणि भडक पिवळा, चारही रंग एकाच राखाडीत जाऊन बसतात. आता डोळ्याला पिवळा किती उजळ दिसतो आणि निळा किती गडद, हे कुणाला सांगायला नको. पोर्ट्रेटमध्ये एखाद वेळ खपून जातं, पण बिल्डिंगच्या फोटोत भिंत, सावली, आकाश, झाडं हे सगळे मोठे मोठे सपाट तुकडे असतात आणि दोन तुकडे एकाच राखाडीचे झाले की बिल्डिंगचा आकारच विरघळतो. लोक मग म्हणतात फोटो फ्लॅट आला, कॉन्ट्रास्ट वाढवू का. कॉन्ट्रास्ट वाढवून उपयोग नाही, दोन सारखे राखाडी वाढवल्यावरही सारखेच राहतात.

२. मग कुठला रंग किती राखाडी होणार हे ठरतं कसं? जरा आकड्यांत सांगा ना.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं निम्मं आपोआप कळतं, म्हणून इथे थोडं सविस्तर. प्रत्येक पिक्सेलला तीन आकडे असतात, लाल, हिरवा, निळा, ० ते २५५. नेहमीच्या कन्व्हर्जनमध्ये साधारण लालचे ३० टक्के, हिरव्याचे ५९ टक्के आणि निळ्याचे ११ टक्के घेऊन बेरीज करतात, कारण आपला डोळा हिरव्याला सगळ्यात जास्त दाद देतो. (नव्या पद्धतीत हे वजन २१, ७२, ७ असंही असतं, तत्त्व तेच.)

आता विटांची भिंत घ्या, तिच्यावर वेल चढलाय, मागे निळं आकाश. समजा वीट आहे १७०, ९०, ७०. वेलाचं पान ८०, १३०, ६०. आकाश १००, १५०, २१०. वरच्या हिशोबाने वीट येते ११२, पान येतं १०७ आणि आकाश १४२. वीट आणि पान बघितलंत का, ११२ आणि १०७! रंगीत फोटोत लाल-हिरवं इतकं ठसठशीत दिसत होतं आणि इथे वेल भिंतीत गडप.

आता नुसतं लाल चॅनेल, म्हणजे फक्त लालचा आकडा, बघा: वीट १७०, पान ८०, आकाश १००. वीट उजळ, वेल गडद, आकाश गडद, बिल्डिंग एकदम पुढे आली. नुसतं हिरवं: ९०, १३०, १५०, म्हणजे वेल विटेपेक्षा उजळ. नुसतं निळं: ७०, ६०, २१०, म्हणजे बिल्डिंग जवळजवळ काळी आणि आकाश पांढरंफटक. फोटो एकच आणि त्यातून तीन अगदी वेगळी चित्रं निघाली. आपण स्लायडर (प्रोग्रॅममधली सरकपट्टी) ओढतो तेव्हा या तिघांमधून आपल्याला हवं ते मिश्रण बनवत असतो, दुसरं काही नाही.

३. मग सुरुवात कुठल्या टूलने करू? माझ्याकडे अमुक प्रोग्रॅम नाही, चालेल का?

चालेल. लाइटरूममध्ये ब्लॅक अँड व्हाइट केलं की आठ रंगांचे स्लायडर मिळतात, फोटोशॉपच्या ब्लॅक अँड व्हाइट लेयरमध्ये सहा मिळतात, गिंपमध्ये मोनो मिक्सर आहे, डार्कटेबलमध्येही चॅनेल मिसळता येतात. रंग वेगवेगळा हलवता येईल असं काहीही पुरे. प्रीसेट वापरायला माझी ना नाही, पण प्रीसेट म्हणजे दुसऱ्याच्या फोटोसाठी लावलेले स्लायडर, त्याच्या फोटोत बहुतेक तुमची वीट नव्हती. लावून बघा आणि मग स्लायडर स्वतः हलवाच.

४. कॅमेऱ्यातच मोनोक्रोम मोड लावून काढला तर?

रॉ (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) चालू ठेवून काढत असाल तर बिनधास्त लावा, उलट मी तर लावतेच. स्क्रीनवर ब्लॅक अँड व्हाइट दिसतं त्यामुळे रंगाची भूल पडत नाही, सावली कुठे पडलीय, कुठली बाजू उजळ आहे हे सरळ दिसतं, आणि रॉ फाइलमध्ये रंग शाबूत असतात. फक्त जेपेग काढत असाल तर मात्र नको. रंग गेले ते गेले, तिन्ही आकडे सारखे होऊन बसतात आणि वर २ मध्ये सांगितलेलं काहीच करता येत नाही.

५. कुठली बिल्डिंग ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चांगली दिसते? माझे काही फोटो उगाच उदास दिसतात.

मी एकच बघते, रंग काढून घेतल्यावर मागे काही उरतंय का. तिरपं ऊन पडलंय, एक बाजू उजळ आणि एक अंधारी आहे, जिन्याच्या पायऱ्यांच्या सावल्या आहेत, काँक्रीटवर फळ्यांचे ठसे आहेत, तर उरतंय. फोटोग्राफर ल्युसियाँ एर्वे यांनी १९४९ नंतर आर्किटेक्ट ल कोर्बुझिए यांच्या इमारतींचे फोटो काढले ते बघा, नुसत्या ऊन-सावलीच्या कापांवर उभे आहेत. उलट आर्किटेक्ट लुईस बारागान यांच्या घरांमधली गुलाबी आणि जांभळट भिंत घ्या, तिथे रंग हेच बांधकाम आहे. तो काढला की भिंत फक्त भिंत राहते. असे फोटो रंगीतच ठेवा, प्रत्येक गोष्ट ब्लॅक अँड व्हाइट केलीच पाहिजे असं कुठे आहे.

आणि हो, फोटो रंगीत असताना बोअर वाटतोय म्हणून ब्लॅक अँड व्हाइट करून बघणं. करतो आपण सगळेच. दहातल्या नऊ वेळा तो ब्लॅक अँड व्हाइटमध्येही बोअरच असतो.

६. आकाश गडद करायला ब्लू स्लायडर खाली ओढला तर बिल्डिंगच्या कडेने पांढरी रेघ येतेय. का आणि काय करू?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. आणि मी स्वतः यात तोंडावर आपटलेय. एका उंच टॉवरचा फोटो, आकाश मस्त काळंभोर केलेलं, स्क्रीनवर झकास दिसत होता, तोच मोठा प्रिंट करून घेतला आणि भिंतीवर लावल्यावर दिसलं की अख्ख्या टॉवरभोवती कुणीतरी खडूने बाहेरून रेघ मारल्यासारखी पांढरी कड आहे. एकदा दिसली की मग दुसरं काही दिसेचना. तो प्रिंट अजून कपाटामागे तोंड फिरवून उभा आहे.

कारण असं, की बिल्डिंग आणि आकाश जिथे भेटतात तिथले पिक्सेल धड विटेचे नसतात, धड आकाशाचे नसतात, मिसळ असते. आकाशाचा पिक्सेल पक्का निळा म्हणून स्लायडर त्याला पूर्ण खाली खेचतो, पण कडेचा पिक्सेल फिकट निळसर करडा असतो, त्याच्यावर स्लायडरचा जोर अर्धाच चालतो, तो उजळ राहून जातो. तीच ती रेघ. त्यात जेपेग असेल तर आणखी वाईट, कारण बऱ्याच जेपेगमध्ये रंगाची माहिती चार पिक्सेलच्या चौकोनाला मिळून एकच ठेवलेली असते, उजेडाची मात्र प्रत्येक पिक्सेलची वेगळी. डोळ्याला रंगीत फोटोत हे कळत नाही. पण आपण रंगावरूनच राखाडी ठरवायला लागलो की कडा ठोकळ्या ठोकळ्यांच्या दिसायला लागतात. शार्पनिंग (कडा धारदार करणं) आधीच केलेलं असेल तर ते या सगळ्याला अजून फोडणी देतं. लेन्समुळे कडेला येणारी जांभळी-हिरवी किनार पण यातच भर घालते, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ती जात नाही, तिची काळी किंवा पांढरी रेघ होते.

उपाय सांगते. रॉवरून काम करा. रंगीत असतानाच ती जांभळी किनार काढून टाका. शार्पनिंग सगळ्यात शेवटी. आणि मुख्य म्हणजे ब्लू स्लायडर तळाला नेऊ नका, उणे तीस-चाळीसच्या पलीकडे गेलात की दर दहा पॉइंटला १०० टक्के झूम करून कड बघा. त्याहून गडद हवं असेल तर उरलेलं काम आकाशाचा मास्क करून (म्हणजे फक्त आकाश निवडून) एक्स्पोजर कमी करून करा, मास्कची कड किंचित बिल्डिंगच्या आत घ्या. छप्पर एक-दोन पिक्सेल गडद झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही. पांढरी रेघ मात्र सगळ्यांच्या लक्षात येते, सासूसकट.

७. कड ठीक आहे पण गडद आकाशात पट्टे पडतात, कधी रवाळ डाग दिसतात.

दोन वेगळे आजार आहेत. पट्टे पडतात ते ८ बिट फाइलमुळे, तिथे एकूण पायऱ्याच २५६, आकाशाच्या वाट्याला त्यातल्या थोड्याच येतात आणि आपण त्या ताणतो, मग पायऱ्या उघड्या पडतात. १६ बिटमध्ये काम करा. डाग येतात ते नॉइजमुळे, म्हणजे सेन्सरच्या रवाळ खरखरीमुळे, निळ्या आकाशात लाल चॅनेलला उजेड कमी मिळालेला असतो आणि गडद आकाशासाठी आपण नेमकं त्यालाच पुढे आणतो. रंगीत नॉइज आधी काढा. एवढं करून थोडे पट्टे उरलेच तर वरून बारीक ग्रेन (फिल्मसारखा रवा) टाका, झाकले जातात.

८. आकाश ढगाळ पांढरं आहे, ब्लू स्लायडर हलवून काहीच होत नाही.

होणारच नाही, तिथे निळं काही नाहीच. स्लायडर रंगावर चालतो, पांढऱ्यावर नाही. वरून खाली हलका ग्रेडियंट लावून वरचा भाग थोडा दाबता येतो, नाहीतर क्रॉप करून आकाश कमी करा. दुसऱ्या फोटोतलं ढगांचं आकाश आणून चिकटवणं मला तरी पटत नाही, उजेडाची दिशा जुळत नाही आणि ते दिसतं. आणि पांढरं आकाश वाईटच असतं असंही नाही हं. बेर्न्ड आणि हिला बेशर या जोडप्याने पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, कारखाने असे कितीतरी फोटो काढले, ते मुद्दाम ढगाळ हवेत, सावली नको म्हणून, आणि त्या सपाट करड्या आकाशापुढे प्रत्येक पाइप आणि कठडा मोजून घ्यावा इतका स्पष्ट दिसतो.

९. जुन्या लोकांसारखा लाल फिल्टर लेन्सवर लावून काढला तर जास्त खरं नाही का?

फिल्मवर होतं ते. साध्या डिजिटल सेन्सरवर नको, कारण त्यात दर चार ठिपक्यांत एक लाल, एक निळा आणि दोन हिरवे असतात. लाल फिल्टर लावलात की निळे आणि हिरवे जवळजवळ उपाशी, एक चतुर्थांश सेन्सरवर फोटो, बाकी नॉइज. त्यापेक्षा स्लायडरने करा, मत बदललं तर मागे येता येतं.

पोलरायझर फिल्टरची गोष्ट वेगळी, त्याचं काम नंतर सॉफ्टवेअरमध्ये करता येत नाही. काचेवरचं, ओल्या फरशीवरचं प्रतिबिंब तो कमी करतो. धातूच्या पत्र्यावर मात्र फारसा चालत नाही. आणि वाइड लेन्सवर जपून, सूर्यापासून ९० अंशांवरचं आकाश तो सगळ्यात गडद करतो आणि फुल फ्रेमवर १६ एमएमची लेन्स आडव्यात जवळपास ९७ अंश बघते, म्हणजे एकाच फोटोत आकाशाचा एक पट्टा काळा आणि बाजूला उजळ. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये तो पट्टा रंगीतपेक्षा जास्त खुपतो.

१०. व्हाइट बॅलन्सचा आता काय संबंध, रंगच नाहीयेत!

आहेत, खाली लपलेले. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) हलवला की तिन्ही आकडे बदलतात आणि राखाडी बदलतो. याचा सगळ्यात छान उपयोग पांढऱ्या भिंतीवर होतो, आणि हे मला उशिरा कळलं याचं वाईट वाटतं. पांढरी भिंत आपल्याला पांढरी दिसते, पण उन्हातला भाग किंचित पिवळट असतो आणि सावलीतला निळसर, कारण सावलीवर आकाशाचा उजेड पडतो. समजा ऊन २३५, २२८, २१५ आणि सावली १२०, १३०, १५०. लाल चॅनेलमध्ये फरक ११५ चा, निळ्यात फक्त ६५ चा. म्हणजे सावली ठाशीव हवी तर ब्लू थोडा खाली, सावलीत मऊपणा हवा आणि आतली खिडकी दिसायला हवी तर ब्लू वर. खिडकीवरच्या छोट्या छज्ज्याची सावली बघत बघत करा, तिथे लगेच कळतं. व्हाइट बॅलन्स आधी नीट करून घ्या आणि मग कन्व्हर्ट करा, नाहीतर नंतर तो हलवला की सगळे स्लायडर परत लावायला लागतात.

११. काँक्रीटची बिल्डिंग आहे, आधीच राखाडी. कुठलाच स्लायडर काम करत नाही.

बरोबर, ८ मध्ये सांगितलं तेच कारण. इथे काम उजेडाचं आहे, रंगाचं नाही. टोन कर्व्ह (उजळ-गडद बदलायची रेघ), आणि हाताने थोडं उजळ थोडं गडद, जे डार्करूममध्ये करायचे तेच. प्रत्येक बाजूला वेगळा राखाडी मिळाला पाहिजे: पुढची भिंत, वळलेली भिंत, छताखालचा भाग. फोटोग्राफर अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांच्या झोन सिस्टिममध्ये शून्य म्हणजे ठार काळा आणि १० म्हणजे कोरा पांढरा, मधला राखाडी पाचव्या झोनला. काँक्रीटच्या उन्हातल्या बाजूला सहा-सात, सावलीतल्या बाजूला तीन-चार असं ठरवून बसलं तर भरकटायला होत नाही. आणि क्लॅरिटीचा (मधल्या टोनचा कॉन्ट्रास्ट वाढवणारा) स्लायडर उजवीकडे नेऊन सोडू नका हो, काँक्रीट कोळशासारखं दिसायला लागतं आणि आकाशाला परत ६ मधली रेघ.

१२. काचेचा टॉवर आहे. आकाश गडद केलं की टॉवरच गायब होतो.

कारण काचेत तेच आकाश आहे. काच आणि आकाश दोन्ही निळे, दोन्ही एकदम खाली जातात. कधी कधी काचेला हिरवट छटा असते, तेव्हा अॅक्वा स्लायडर वर आणि ब्लू खाली केला की वेगळे होतात, पहिल्यांदा ते करून बघा. नाही झालं तर स्लायडरचा नाद सोडा आणि मास्क करा, आकाश वेगळं, टॉवर वेगळा.

१३. रात्रीचे आणि संध्याकाळचे फोटो?

सूर्य मावळल्यावर आकाश गर्द निळं आणि खिडक्यांत पिवळा दिवा, ही वेळ कन्व्हर्जनसाठी सोन्यासारखी, निळा आणि पिवळा एकमेकांपासून इतके लांब की हवं ते करा. मात्र जुन्या कमी दाबाच्या सोडियम दिव्यांखाली काढलेला फोटो असेल तर विसरा. तो दिवा जवळजवळ एकाच तरंगलांबीचा उजेड देतो, ५८९ नॅनोमीटरच्या आसपास, त्याखाली लाल वीट आणि हिरवं झाड यांत रंगाचा फरकच उरत नाही, स्लायडर काय वेगळं करणार. एरवी आत ट्यूबलाइट, बल्ब आणि खिडकीतून ऊन असं तिहेरी मिश्रण असेल तर ब्लॅक अँड व्हाइट हा खरं तर सुटकेचा मार्ग आहे, फक्त एकच पांढरी भिंत तीन राखाडीत दिसेल, तेव्हा यलो आणि ब्लू स्लायडर शून्याजवळच ठेवा.

१४. उभ्या रेषा सरळ करायच्या त्या आधी की नंतर?

आधी. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये रेषांशिवाय बघायला काही नसतं, त्यामुळे मागे झुकलेली बिल्डिंग जास्त डोळ्यात भरते. सरळ करताना कडा कापल्या जातात आणि मास्कही हलू शकतात, म्हणून मास्कच्या आधी उरकून टाका.

१५. मोनोक्रोम सेन्सरचा कॅमेरा घेतला तर ही कटकट संपेल ना?

लायका एम मोनोक्रोम २०१२ मध्ये आला, पेंटॅक्स के-३ मार्क थ्री मोनोक्रोम २०२३ मध्ये. सेन्सरवर रंगाची जाळी नाही, त्यामुळे बारकावा आणि कमी उजेडातलं काम सुंदर. पण नंतर स्लायडर नाहीत! वीट आणि वेल जागेवरच वेगळे करायचे, म्हणजे ९ मध्ये मी नको म्हटलेला लाल फिल्टर इथे लावावाच लागतो. कटकट संपत नाही, फोटो काढायच्या आधी येते.

१६. भिंतीत लाल विटांचे आणि फिक्या दगडाचे पट्टे आहेत. रेड वर केला तर पट्टेच गेले.

हा २ मधल्या नियमाचा अपवाद म्हणा. लाल उजळ केल्याने आकाशापुढे बिल्डिंग उठून दिसते, पण वीट उजळत उजळत दगडाच्या राखाडीला जाऊन भिडते आणि नक्षी पुसली जाते. आता ठरवायला लागतं. माझ्या मते पट्टे महत्त्वाचे, आर्किटेक्टने ते उगाच नाही घातलेले. रेड आणि ऑरेंज थोडे खालीच ठेवा, आकाश मास्कने सांभाळा. आर्किटेक्टसाठी किंवा जुन्या वास्तूची नोंद म्हणून फोटो काढत असाल तर रंगीत फोटोही सोबत द्या, मटेरियल कुठलं होतं ते राखाडीवरून कळत नाही आणि गडद लाल भिंत तुम्ही पांढरी करून टाकलीत हे बघणाऱ्याला कधीच कळणार नाही.

१७. प्रिंट स्क्रीनपेक्षा काळा येतो.

स्क्रीन स्वतः उजेड देते, कागद देत नाही. स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करून एडिट करा, सावल्या थोड्या उचला, आणि मोठ्या प्रिंटआधी एक छोटा तुकडा काढून दिवसाच्या उजेडात बघा. मॅट कागदावर काळा तेवढा खोल येत नाही हेही लक्षात ठेवा. हिरवट किंवा जांभळट झाक आली तर नुसत्या काळ्या-राखाडी शाईचा मोड आहे का विचारा.

१८. एकोणिसाव्या शतकातल्या फोटोसारखं दिसायला हवंय, सेपिया लावला पण तसं वाटत नाही.

सेपिया ही वरची तपकिरी छटा झाली, फरक आत आहे. तेव्हा फिल्मऐवजी वापरायच्या त्या काचेच्या प्लेट मुख्यतः निळ्यालाच दाद द्यायच्या, सगळे रंग टिपणाऱ्या प्लेट बाजारात आल्या त्या १९०६ मध्ये. म्हणून त्या फोटोंत आकाश कोरं पांढरं, झाडं काळी आणि लाल वीट जवळपास काळी. चॅनेल मिक्सर उघडा, मोनोक्रोमवर टिक करा, निळं १००, लाल शून्य, हिरवं शून्य ते दहा. नॉइज येईल, येऊ दे. उन्हातली पांढरी कमान फुटणार नाही एवढं बघा, मग हवा तर सेपिया टाका.